जॉर्ज वेस्टिंगहाऊस आणि आगगाडीचा ब्रेक

आगगाडीनें प्रवास न केलेला विद्यार्थी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. सुटीसाठीं गांवीं जातांना खिडकीशीं बसून झाडें मागें पळतांना पाहणें हा ज्याप्रमाणें प्रत्येकाच्या आवडीचा उद्योग, त्याचप्रमाणें डब्याच्या भिंतीवरील तांबड्या मुठीच्या साखळीकडे टक लावून पाहणें हाही एक उद्योगच होय. तिला हात लावण्याचा मोह बहुतेकांस एकदां तरी होतो, आणि तिच्याखालील दंडाची सूचना वाचून तो आवरला जातो. परंतु ही साखळी ओढली असतां गाडी कां थांबावी, याचा विचार किती जणांनीं केला असेल? एंजिन पंधरा-वीस डबे पुढें. ड्रायव्हर आपणांस दिसत नाहीं, आपण त्यास दिसत नाहीं. आणि तरीही आपल्या डब्यांतील एक लहानशी मूठ शेंकडों टन वजनाच्या धांवत्या गाडीस अडवूं शकते. वाफेची शक्ति ओळखणारा वॅट व एंजिन रुळांवर पळविणारा स्टीफन्सन यांचीं नांवें क्रमिक पुस्तकांतून सर्वांस पाठ झालेलीं असतात. ती गाडी वेळेवर थांबवावी कशी हें ज्यानें जगास दाखविलें, त्याचें नांव मात्र पुस्तकांत सहसा येत नाहीं. त्या पुरुषाचें चरित्र या लेखांत थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

जॉर्ज वेस्टिंगहाऊस याचा जन्म अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत सेंट्रल ब्रिज या खेड्यांत ता. ६ ऑक्टोबर १८४६ रोजीं झाला. दहा भावंडांत हा आठवा. वडिलांचें नांवही जॉर्जच होतें. ते मळणीचीं व शेतकीचीं इतर यंत्रें तयार करीत. १८५६ सालीं त्यांनीं आपलें बिऱ्हाड स्केनेक्टडी शहरीं हलविलें व तेथें कारखाना काढला. मुलाचें लक्ष शाळेंत कमी व कारखान्यांत फार. स्वभाव हट्टी व तापट. मनासारखें न झाल्यास घर डोक्यावर घ्यावयाचें ही त्याची बालपणची रीत होती, असें त्याचे चरित्रकार सांगतात. कारखान्यांतील भाता, कानस व लेथ यांच्या सहवासांत मात्र हा हट्टीपणा चिकाटीचें रूप घेत असे.

इतक्यांत अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांमध्यें यादवी युद्ध पेटलें. घरांतील मोठे भाऊ सैन्यांत गेले होते. त्यांपैकीं आल्बर्ट हा पुढें युद्धांतच कामास आला. जॉर्ज वयानें लहान म्हणून वडिलांनीं त्यास प्रथम अडविलें, परंतु १८६३ सालीं त्यास अनुज्ञा मिळाली व तो उत्तरेच्या घोडदळांत दाखल झाला. १८६४ च्या डिसेंबरांत तो आरमारांत कनिष्ठ दर्जाचा एंजिनियर झाला. युद्ध संपल्यावर तो घरीं परतला व स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजांत त्याचें नांव घालण्यांत आलें. तेथें तो अवघे तीन महिने टिकला! शिक्षकाच्या लेखणीस ही गोष्ट लिहितांना थोडा संकोच वाटतो. तथापि चरित्र लिहावयाचें म्हणजे सोयीचें तेवढेंच लिहून चालत नाहीं. कॉलेज सोडणाऱ्या या मुलाच्या हातीं त्या वेळीं काय होतें हेंही सांगितलें पाहिजे. ता. ३१ ऑक्टोबर १८६५ रोजीं, म्हणजे वयाच्या १९ व्या वर्षीं, त्यास वाफेच्या एका चक्राकार एंजिनाचें पेटंट मिळालें होतें. तें एंजिन व्यवहारांत कधीं फारसें उपयोगी पडलें नाहीं, ही गोष्ट निराळी.

यानंतर त्याचें मन रेलवेकडे वळलें. रुळांवरून घसरलेला डबा पुन्हां रुळांवर चढविण्याचें एक साधन त्यानें तयार केलें. दोन मार्गांचे रूळ जेथें एकमेकांस छेदतात, तेथील तुकडा चाकांच्या माऱ्यानें फार लवकर झिजे. तो पोलादाचा व दोन्ही बाजूंनीं वापरतां येईल असा त्यानें बनविला. या मालाच्या विक्रीसाठीं त्यास सदोदित गाडीनें फिरावें लागे. पुढें त्याची पत्नी झालेली मार्गरेट वॉकर हिची व त्याची पहिली भेटही गाडींतच झाली, असें सांगतात. त्यांचा विवाह १८६७ च्या ऑगस्टांत झाला.

अशाच एका प्रवासांत, १८६६ सालीं, स्केनेक्टडी व ट्रॉय या शहरांमधील मार्गावर त्याची गाडी वाटेंत अडकून पडली. खालीं उतरून पाहतो तों पुढें दोन मालगाड्या समोरासमोर आदळून त्यांचा चुराडा झालेला. दिवस स्वच्छ होता. मार्ग सरळ व सपाट होता. दोन्ही ड्रायव्हरांनीं एकमेकांस दुरून पाहिलें होतें. धोका दिसला होता, तो टाळण्याची इच्छा होती, परंतु गाडी थांबेना! बाकीचे उतारू वेळ गेला म्हणून चडफडत असतील. या वीस वर्षांच्या तरुणाच्या मनांत मात्र त्या दृश्यानें घर केलें.

त्या काळीं गाडी थांबवीत तरी कशी, हें सांगितल्याखेरीज पुढील गोष्टीचें महत्त्व कळणार नाहीं. प्रत्येक डब्यास एक हातानें फिरवावयाचें चाक असे. तें फिरविलें म्हणजे सांखळी आवळे व तिच्या योगें लोखंडाचे किंवा लांकडाचे ठोकळे डब्याच्या चाकांवर घट्ट बसत. या कामासाठीं गाडीवर ब्रेकवाले नेमलेले असत. ड्रायव्हरनें शिटी दिली कीं त्यांनीं एकेक चाक फिरवीत सुटावयाचें. उतारूंच्या गाडींत हें काम दोन डब्यांच्या मधल्या ओट्यावर उभें राहून होई. मालगाडींत तें चाक डब्याच्या छपरावर असे. तेव्हां पाऊस असो, बर्फ असो, काळोखी रात्र असो, धांवत्या गाडीच्या छपरावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर उडी मारीत या माणसांनीं जावयाचें, आणि छपरावर बर्फाचा थर जमला असेल तर पाय घसरून खालीं पडावयाचें. कित्येकांचे प्राण असे गेले, कित्येक जन्माचे पांगळे झाले. बरें, इतकें करूनही सर्व ब्रेक एकदम लागत ते नव्हेतच. पुढचा डबा अडला व मागचा मोकळा, अशा स्थितींत धक्के बसून कड्या तुटत. गाडी जितकी लांब तितकी ती ड्रायव्हरच्या ताब्यांतून बाहेर.

सर्व डब्यांचे ब्रेक ड्रायव्हरच्या हातीं एकाच वेळीं कसे द्यावे हा प्रश्न होता. वेस्टिंगहाऊसनें प्रथम एंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक लांब सांखळी नेण्याचा विचार केला. चार-पांच डब्यांपलीकडे तिचा उपयोग होईना. मग प्रत्येक डब्याखालीं सिलिंडर बसवून त्यांत एंजिनांतील वाफ सोडावी असें त्याच्या मनांत आलें. परंतु वाफ लांब नळींतून जातां जातां थिजून तिचें पाणी होई. याच सुमारास त्यानें एका मासिकाची वर्गणी भरली. त्यांत आल्प्स पर्वतांतील माँ सनी येथील बोगद्याची हकीकत आली होती. फ्रान्स व इटली यांस जोडणारा आठ मैलांहून लांब असा हा बोगदा त्या वेळीं खणला जात होता (तो १८७१ सालीं खुला झाला), व त्यांतील खडक फोडणारीं यंत्रें बाहेर दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर चालत. ती हवा नळ्यांतून हजारों फूट आंत नेली जाई. वाफ थिजते, हवा थिजत नाहीं! जी हवा डोंगराच्या पोटांत जाऊन खडक फोडूं शकते, ती गाडीच्या पोटाखालून जाऊन ब्रेक कां दाबूं शकणार नाहीं? सूत्र हातीं लागलें.

परंतु कल्पना सुचणें वेगळें व तिला पैसा मिळणें वेगळें. वडिलांनीं हातभार लावण्याचें नाकारलें. रेलवेच्या अधिकाऱ्यांस वाऱ्यानें गाडी थांबविण्याची भाषा पोरकट वाटली. न्यूयॉर्कचा रेलवे-सम्राट कॉमोडोर व्हॅन्डरबिल्ट यानें त्यास मूर्ख ठरवून वाटेस लाविलें, अशी एक आख्यायिका आहे. ती फार लोकप्रिय असली तरी तिला भक्कम आधार नाहीं, म्हणून तिच्यावर भर देणें बरें नव्हे. अखेर पिट्सबर्ग येथील राल्फ बॅगली या मित्रानें पैशाचें साह्य केलें, आणि पॅनहँडल या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रेलवेवरील कार्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें एक गाडी चांचणीसाठीं मिळवून दिली. अट अशी कीं, सर्व खर्च वेस्टिंगहाऊसनें सोसावा आणि गाडीस कांहीं इजा झाल्यास तीही त्यानेंच भरून द्यावी.

एक एंजिन व चार डबे अशी ती गाडी पिट्सबर्गहून निघाली. एंजिनावर डॅनियल टेट नांवाचा ड्रायव्हर होता. मागील डब्यांत रेलवेचे अधिकारी बसले होते. बोगद्यांतून बाहेर पडून गाडीनें ताशीं सुमारें ३० मैलांचा वेग घेतला असेल नसेल, तोंच समोर रस्त्याच्या फाटकावर एक घोडागाडी रुळांवर आलेली टेटला दिसली. गाडीवानानें घाबरून घोड्यांस चाबूक मारला, घोडे उधळले, आणि तो स्वतः रुळांवर येऊन पडला. टेटनें नव्या यंत्राची मूठ फिरविली. गाडी करकरत थांबली ती त्या मनुष्यापासून अवघ्या चार फुटांवर! मागील डब्यांतील मंडळी आपापल्या जागांवरून खालीं कोसळलीं होतीं. खालीं उतरून त्यांनीं पाहिलें, आणि चांचणी घेण्याचें मग कांहीं उरलेंच नाहीं. ता. १३ एप्रिल १८६९ रोजीं या ब्रेकचें पेटंट मिळालें व त्याच वर्षीं वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनी स्थापन झाली. संस्थापकाचें वय होतें २२. या कारखान्यांत त्यानें १८७१ सालीं शनिवारीं अर्ध्या दिवसाची सुटी सुरू केली, जी त्या काळीं अमेरिकेंतील कारखान्यांतून जवळ जवळ अज्ञात होती.

येथें पुष्कळ चरित्रें संपतात. माझ्या मतें याची खरी थोरवी येथून पुढें सुरू होते. कारण आपल्या यशस्वी यंत्रांतील दोष त्यानें स्वतः ओळखला. पहिल्या ब्रेकची रचना अशी होती : एंजिनावर हवा दाबणारा पंप व एक मोठी टाकी, तेथून गाडीभर नळी, व प्रत्येक डब्याखालीं सिलिंडर. ड्रायव्हरनें टाकींतील हवा नळींत सोडली कीं ती सिलिंडरांत जाऊन दट्ट्या पुढें ढकली व ब्रेक लागत. म्हणजे हवा असेल तर ब्रेक आणि हवा नसेल तर ब्रेक नाहीं. आतां समजा, चढावर कडी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले. नळीही तुटली, हवा निघून गेली. ब्रेकची अत्यंत निकड जेव्हां, नेमका तेव्हांच ब्रेक नाहींसा! शिवाय एंजिनाजवळील डब्यांत हवा आधीं व शेवटच्या डब्यांत उशिरां पोंचे तो दोष निराळाच.

१८७२ सालीं वेस्टिंगहाऊसनें ही सारी रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखालीं त्यानें एक लहान टाकी ठेविली आणि नळी, टाकी व सिलिंडर या तिघांच्या मध्यें एक चतुर झडप बसविली. तिचीं कामें तीन, म्हणून तिला तिहेरी झडप म्हणतात. गाडी चालू असतां नळी दाबलेल्या हवेनें सदैव भरलेली असते. नळींतील दाब झडपेंतील दट्ट्यास एका बाजूस ढकलून ठेवतो. तेव्हां नळींतील हवा डब्याच्या टाकींत शिरून ती भरते, व सिलिंडर बाहेरच्या हवेस मोकळा राहून ब्रेक सुटलेले असतात. ड्रायव्हरनें नळींतील थोडी हवा बाहेर सोडली कीं नळीपेक्षां टाकींतील दाब अधिक होतो; दट्ट्या उलट बाजूस सरकतो; टाकीचा नळीशीं संबंध तुटून सिलिंडराशीं जडतो; आणि डब्याच्या स्वतःच्या टाकींतील हवा ब्रेक दाबते. नळींत पुन्हां हवा भरली कीं दट्ट्या पूर्वस्थानीं येऊन ब्रेक सुटतात. आतां नळी फुटूं द्या, गाडी मध्येंच तुटूं द्या. हवा निघून जातांच दोन्ही तुकड्यांवरील प्रत्येक डबा आपला आपण थांबतो. गार्डानें आपल्या डब्यांतील झडप उघडली तरी तोच परिणाम. उतारूनें साखळी ओढली म्हणजेही नळीस एक वाट फुटते. मात्र ती मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, म्हणजे दाब हळूहळू उतरून ड्रायव्हरच्या कांट्यावर तें दिसतें व गाडी बेतानें थांबते. यंत्र बिघडलें तर तें सुरक्षित बाजूकडेच बिघडावें, हें तत्त्व इतक्या सोप्या रीतीनें क्वचितच कोणीं साधलें असेल.

या कामासाठीं तो वारंवार इंग्लंडास जाई. १८७८ सालीं कॅप्टन डग्लस गॅल्टन यांच्याबरोबर त्यानें ब्रायटनच्या रेलवेवर ब्रेकचे शास्त्रीय प्रयोग केले. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध झाली. ब्रेक इतका आवळला कीं चाक फिरावयाचेंच थांबलें, तर गाडी लवकर थांबेल अशी आपली सर्वांची समजूत. वस्तुतः चाक अडकून रुळावर घसरूं लागलें कीं रुळाची पकड कमी होते व गाडी उलट अधिक लांब जाते. तसेंच वेग जास्त असतां ठोकळा व चाक यांमधील घर्षण कमी असतें, व वेग उतरत जातो तसतसें तें वाढतें. म्हणून आरंभीं जोरानें दाबून पुढें दाब सैल करणें इष्ट. पावसांत सायकलीचा ब्रेक एकदम दाबून आपटलेल्या विद्यार्थ्यांस यांतील पहिली गोष्ट पटवून देण्याची गरज नाहीं.

तरीही एक परीक्षा राहिली होती, आणि तींत तो प्रथम नापास झाला. उतारूंची गाडी दहा-बारा डब्यांची. मालगाडी पन्नास डब्यांची. १८८६ व १८८७ सालीं आयोवा संस्थानांतील बर्लिंग्टन येथें निरनिराळ्या ब्रेकांची पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्यांवर सार्वजनिक चांचणी झाली. संकटसमयींचा ब्रेक लावला असतां पुढील डबे थांबत, पण नळींतील दाब उतरल्याची वार्ता शेवटच्या डब्यास पोंचेपर्यंत मागील डबे पुढल्यांवर भयंकर जोरानें येऊन आदळत. पाहणाऱ्या मंडळीचें मत असें पडलें कीं, नुसत्या हवेनें हें काम होणार नाहीं. झडपा विजेनें उघडल्या पाहिजेत. अठरा वर्षांच्या परिश्रमावर असा शेरा पडल्यावर दुसरा एखादा वाद घालीत बसला असता. वेस्टिंगहाऊस घरीं गेला व सुमारें तीन महिन्यांत नवी झडप घेऊन आला.

तिचें मर्म वर्गांतील उदाहरणानें सांगतां येईल. पन्नास मुलें लांब रांगेंत उभीं आहेत व टोंकाशीं गुरुजींनीं हळू आवाजांत हुकूम दिला, तर तो शेवटच्या मुलास ऐकूं येणार नाहीं. परंतु ऐकतांक्षणींच प्रत्येकानें तो मोठ्यानें पुढें सांगावयाचा असा नियम केला, तर हुकूम रांगेच्या शेवटास एका दमांत पोंचेल. नव्या झडपेंत हीच योजना होती. नळींतील दाब हळू उतरला तर ती पूर्वीप्रमाणें नेहमींचा सौम्य ब्रेक लावी. दाब एकदम उतरला तर मात्र ती पूर्ण उघडून आपल्या जागची नळींतील हवाही सिलिंडरांत ओढून घेई. त्यामुळें दोन गोष्टी साधत : त्या डब्याचा ब्रेक अधिक जोरानें बसे, आणि नळींतील दाब तेथल्या तेथें कोसळून शेजारच्या डब्याची झडप तत्काळ उघडे. अशा रीतीनें ती लाट कांहीं क्षणांत गाडीच्या शेवटापर्यंत धांवत जाई. १८८७ च्या शरदृतूंत पन्नास डब्यांची गाडी घेऊन तो शहरोशहरीं फिरला व ती धक्क्यावांचून कशी थांबते हें त्यानें लोकांस प्रत्यक्ष दाखविलें. संकटसमयींचा ब्रेक म्हणून आज जो ओळखला जातो, त्याचा पाया हा होय. बर्लिंग्टनच्या मंडळीचें मतही अगदींच चुकीचें नव्हतें, हें येथें सांगणें न्यायाचें आहे. कारण हवेच्या झडपा विजेनें उघडणारे ब्रेक पुढें प्रचारांत आले, व मुंबईच्या लोकल गाड्या त्यांवरच चालतात. मात्र विजेनें दगा दिल्यास उपयोगी पडावा म्हणून हवेचा आपोआप लागणारा ब्रेक त्यांच्या पाठीशीं ठेवलेलाच असतो.

ज्ञान उपलब्ध असूनही तें न स्वीकारल्यास काय होतें, याची साक्ष आयर्लंडांतील आर्मा येथें ता. १२ जून १८८९ रोजीं मिळाली. त्या दिवशीं मेथॉडिस्ट मंडळीच्या रविवारच्या शाळेचीं मुलें व त्यांचे आईबाप समुद्रकांठीं सहलीस निघाले होते. गाडी खच्चून भरलेली. चढाचा माथा थोडक्यावर असतां एंजिन दमलें. तेव्हां गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं वर न्यावा असें ठरलें. गाडीस निर्वात ब्रेक होता, पण तो साध्या जातीचा. म्हणजे जोड सुटतांच मागील भागावरचा ब्रेक निरुपयोगी झाला. शेवटच्या डब्यांतील एक हातब्रेक व चाकांखालीं लावलेले दगड, एवढाच आधार. पुढचा भाग निघतांना किंचित मागें सरकला, त्याचा धक्का लागला, दगडांचा चुरा झाला, आणि मुलांनीं भरलेले ते डबे, ज्यांचीं दारें बाहेरून कुलूपबंद होतीं, उतारावरून मागें धांवत सुटले. खालून दुसरी गाडी येत होती. ८० माणसें मेलीं. त्यांत पुष्कळ मुलें होतीं. वेस्टिंगहाऊसची तिहेरी झडप निघून तेव्हां १७ वर्षें झालीं होतीं. खर्चाच्या सबबीवर इतके दिवस टाळाटाळ करणाऱ्या ब्रिटिश रेलवे कंपन्यांवर त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून उतारूंच्या गाड्यांस आपोआप लागणारा अखंड ब्रेक सक्तीचा केला.

अमेरिकेंतही छपरावरच्या ब्रेकवाल्यांची सुटका कायद्यावांचून झाली नाहीं. आयोवांतील लोरेन्झो कॉफिन नांवाच्या गृहस्थानें या मजुरांसाठीं कित्येक वर्षें खटपट केली. अखेर १८९३ च्या मार्चांत अध्यक्ष हॅरिसन यांनीं त्या कायद्यावर सही केली, व त्याची पूर्ण अंमलबजावणी व्हावयास १९०० साल उजाडलें. शोध एका वर्षांत लागतो. तो गरिबांच्या उपयोगास येण्यास तीस वर्षें लागतात.

आपल्या देशाचा या गोष्टीशीं संबंध थोडा वळसा घेऊन येतो. इंग्लंडांतील बहुतेक कंपन्यांनीं हवेच्या ब्रेकाऐवजीं आपोआप लागणारा निर्वात ब्रेक पसंत केला, आणि तोच हिंदुस्थानांत आला. त्यांत नळींतील हवा शोषून घेऊन ब्रेक सुटे ठेवतात, व बाहेरची हवा आंत घेतली कीं ते लागतात. तत्त्व तेंच, परंतु बाहेरच्या हवेचा दाब मुळांतच मर्यादित, दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो. हवेच्या ब्रेकच्या नळींत तो पांच किलो असतो. यामुळें लांब व जड गाड्यांस निर्वात ब्रेक अपुरा पडूं लागला, व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या रेलवेनेंही क्रमाक्रमानें हवेचा ब्रेक स्वीकारला. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटांत ३७ फुटांस एक फूट असा उतार आहे. तेथें ताबा सुटलेल्या गाडीस चढावर वळवून नेण्यासाठीं बाजूस निराळे रूळ घातलेले आहेत. त्यांवरून उतारावरील ब्रेकची किंमत कळून येते.

ब्रेकखेरीज वेस्टिंगहाऊसनें आणखी इतकें केलें कीं त्यास स्वतंत्र लेख पाहिजे. रेलवेचे सिग्नल सुधारण्यासाठीं त्यानें कंपनी काढली. १८८४ सालीं पिट्सबर्ग येथील आपल्या बंगल्याच्या आवारांत भोंक पाडून त्यानें जमिनींतील वायु बाहेर काढला, व तो शहरांत नेण्याची युक्ति बसविली : विहिरीजवळ अरुंद नळी व मोठा दाब, घरांजवळ रुंद नळी व कमी दाब. विजेच्या बाबतींत हीच गोष्ट तिच्या दाबास चढवून-उतरवून साधतां येईल हें त्यानें जाणलें. १८८६ सालीं विजेची कंपनी काढून व १८८८ त निकोला टेस्ला याचीं पेटंटें घेऊन त्यानें उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा पक्ष उचलला. एडिसनशीं झालेल्या त्या कडू वादांत अखेर यश यालाच आलें. १८९३ चें शिकागोचें जागतिक प्रदर्शन याच्या दिव्यांनीं उजळलें, आणि १८९६ सालीं नायगारा धबधब्यापासून उत्पन्न झालेली वीज बफलो शहरास पोंचली.

परंतु लक्ष्मी चंचल असते. १९०७ सालीं अमेरिकेंत मोठी आर्थिक घबराट उडाली. सतत नवीन कारखाने काढण्यासाठीं कर्जें उचलण्याची त्याची संवय या वेळीं भोंवली, व त्याची विजेची कंपनी रिसीव्हरांच्या हातीं गेली. ती पुन्हां सांवरली, तरी थोड्याच वर्षांत तिच्यावरील त्याची सत्ता कायमची संपली. ज्या कंपनीस त्याचें नांव होतें तिच्या कारभारांत त्याला स्थान उरलें नाहीं. ब्रेकची कंपनी मात्र त्या वादळांतही डळमळली नाहीं. १९११ सालीं अमेरिकेंतील विद्युत्शास्त्रज्ञांच्या संस्थेनें त्यास पदक दिलें. तें पदक एडिसनच्या नांवाचें होतें!

वेस्टिंगहाऊस उंच, धिप्पाड व अबोल होता. स्वतःचीं छायाचित्रें काढवून घेण्याचा त्यास तिटकारा असे, त्यामुळें तीं फार थोडीं मिळतात. आत्मचरित्र त्यानें लिहिलें नाहीं. त्याच्या नांवावर ३६० हून अधिक पेटंटें आहेत. हृदयविकारानें ता. १२ मार्च १९१४ रोजीं न्यूयॉर्क येथें वयाच्या ६७ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. तीनच महिन्यांनीं त्याची पत्नीही निवर्तली. यादवी युद्धांत केलेल्या लष्करी सेवेच्या हक्कानें दोघांसही पुढें वॉशिंग्टन शहराजवळील आर्लिंग्टन येथील सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमींत जागा मिळाली.